दुभंगलेला ओठ शिवला, जबड्याचे काय?

महोदय,

दुभंगलेला ओठ आणि टाळू (तोंडाच्या आतले छत) असलेल्या बाळांवरील मोफत शस्त्रक्रियांच्या बातम्या अधूनमधून येतात. आधीचा आणि नंतरचा फोटो छापला की बातमी संपते. जबड्याबद्दल पालकांना मात्र क्वचितच कोणी धड सांगते.

ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात शिवतात, टाळू नऊ ते अठरा महिन्यांत. टाळूवरचा व्रण ताठर असतो आणि वरच्या जबड्याला पुढे व रुंदीला वाढू देत नाही. श्रीलंकेत टाळू न शिवलेल्या प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ बरीचशी सर्वसाधारण आढळली होती. तरीही टाळू उशिरा शिवणे परवडत नाही, कारण मग उच्चार नाकात अडकतात.

‘खालचा जबडा मोठा आहे’ अशी पालकांची तक्रार असते. बहुतेकदा तो मोठा नसतोच, वरचा मागे राहिलेला असतो. फट एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची नाकपुडी बसते आणि हिरडीचा तुकडा आत वळतो. दात नीट जुळावेत म्हणून मूल हनुवटी बाजूला सरकवते. तपासणी घरीही होते: मागचे दात मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांच्या मागे जात असतील, तर ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे जुळवणाऱ्या दंतवैद्याकडे जावे.

सात ते दहा या वयात फेसमास्कने, म्हणजे कपाळ आणि हनुवटीवर टेकणाऱ्या व रबरांनी ओढणाऱ्या चौकटीने, वरचा जबडा पुढे ओढता येतो, पण तो रोज बारा-चौदा तास लावावा लागतो. नुसता रात्री लावून भागत नाही. वयात येताना खालचा जबडा झपाट्याने वाढला, तर मिळवलेले पुन्हा जाऊ शकते. मग वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया.

खरी घाई हिरडीतल्या फटीची. आधी तारेने जबडा रुंद करून, सुळा उगवण्यापूर्वी, साधारण आठ ते अकरा वर्षांत, कमरेच्या हाडाचा मऊ गर तिथे भरतात. मग सुळा त्या हाडातून खाली येतो. तो आधीच उगवला असेल, तर भरलेले हाड नीट टिकत नाही. किडलेले दात तसेच ठेवून हाड भरले, तर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतातच. शहापूर-मुरबाडपासून दिघा-तुर्भ्यापर्यंत, दुसरी-तिसरीतल्या अशा प्रत्येक मुलाचे दात मिटवून पाहावेत. आणि टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावरच ‘सातव्या वर्षी ऑर्थोडॉन्टिस्ट’ असे मराठीत ठळक लिहावे.

— एक ऑर्थोडॉन्टिस्ट, ठाणे