‘१ एमएस’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकासोबत दसऱ्याच्या खरेदीची पुरवणी आली. तिच्या मधल्या पानावर गेमिंग मॉनिटरच्या सहा जाहिराती आहेत. सहाही ठिकाणी ‘१ एमएस’ (म्हणजे एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग; पडदा किती चपळ ते सांगायला) ठळक, ‘१६५ हर्ट्झ’ किंवा ‘१८० हर्ट्झ’ (सेकंदाला तितकी चित्रं) ठळक आणि किंमत त्याहून ठळक. पॅनेल, म्हणजे पडद्याची जात, कोणतं, ते मात्र एकीतही नाही. आयपीएस, व्हीए, टीएन यातलं एखादं अक्षरसुद्धा नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीत काढली. शाफ्टचा व्यास कशाने मोजला, किती तापमानाला मोजला हे शेजारी लिहिलेलं नसलं की साहेब रिपोर्ट परत फेकायचे. ती सवय हाडात मुरली आहे. म्हणून हे पत्र.

नातू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोळीबाराचे गेम खेळतो. श्रावणात त्याला घेऊन एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. भिंतीवर सात-आठ मॉनिटर, आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ : निळा समुद्र, लाल फुलं, पोपट. वर पांढऱ्याशुभ्र ट्यूब. त्या उजेडात कुठलाही पडदा देखणाच दिसणार! दुकानदार म्हणाले, “काका, कर्व्ह आहे, १ एमएस आहे, मुलं हाच नेतात.” २७ इंची घेतला. वाकडा पडदा पाहून माझा हात उगाचच खिशातली पट्टी शोधत होता, पण बोललो नाही.

आठ दिवस “आबा, काय स्मूथ आहे!” चाललं होतं. नवव्या दिवशी मी सहज विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डोकावलो, तर मॉनिटर १६५ऐवजी ६० हर्ट्झवरच चालू होता. नातवाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नवा मॉनिटर लावला की ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा बऱ्याचदा आपल्या हाताने बदलावा लागतो, हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. बदलल्यावर फरक खरोखर पडला. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १६५ला दर ६ मिलिसेकंदांनी. माउस हलवला तरी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कळतं.

आणि मग खरं दुखणं दिसलं. गेममध्ये अंधारा बोळ आला की पळणाऱ्या माणसाच्या मागे काळी शेपटी उमटायची, ओल्या काजळावरून बोट ओढावं तशी. पोरं याला घोस्टिंग म्हणतात. मी मोबाइल स्टँडवर लावला आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पडदा टिपला. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. शेपटी पुरती विरायला ६ ते ७ फ्रेम लागत होत्या, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या पुढेच. माझ्या साधनाचा लीस्ट काउंट (मोजता येणारं लहानात लहान माप) चार मिलिसेकंदांचा, तेव्हा त्याने १ मोजता येणार नाही, कबूल. पण २५ म्हणजे १ नव्हे, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

खोका पुन्हा काढला. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या १ एमएससमोर ‘एमपीआरटी’ लिहिलेलं. म्हणजे चित्र डोळ्यासमोर किती वेळ राहतं त्याचं माप. ते कमी दाखवायला मागचा दिवा दर चित्राला विझवून पेटवतात. तो मोड लावला की पडद्याचा उजेड कमी होतो, आणि आमच्या मॉनिटरवर तर ॲडॅप्टिव्ह सिंकही (पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद पडतं. दुसरं माप जीटीजी, म्हणजे एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला ठिपक्याला लागणारा वेळ. त्यातही रूढ पद्धत अशी की बदलाचे पहिले दहा आणि शेवटचे दहा टक्के मोजायचेच नाहीत. शिवाय कंपनी आपली सर्वांत वेगवान उडी छापते, अंधारातली रेंगाळणारी नाही. आमच्याकडे कुणी शाफ्टची दोन्ही टोकं सोडून फक्त मधला भाग मोजला असता, तर त्याला त्याच शिफ्टला घरी पाठवला असता.

दुकानात परत गेलो. उत्तर मिळालं, “काका, हा फॉल्ट नाही. व्हीए पॅनेल असंच असतं.” आणि गंमत म्हणजे ते बरोबर बोलत होते! व्हीएचा काळा रंग खोल असतो, कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते) ३०००ला १च्या आसपास. पण काळ्यातून करड्यात यायला तो आळशी. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००ला १. रात्रीच्या दृश्यात काळं जरा राखाडी दिसतं, कोपरे उजळतात, पण शेपटी फार कमी. नातवाच्या खेळाला २४ इंची सपाट आयपीएस हवा होता. शिवाय २७ इंचावर १०८० रिझोल्यूशन (ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळी) म्हणजे इंचाला जेमतेम ८२ ठिपके, २४ इंचावर तेच ९२. अक्षरंसुद्धा नीट दिसली असती. मुंबईला भाच्याकडे ओएलईडी जातीचा पडदा पाहिला. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि विझतो, शेपटीचा प्रश्नच नाही. किंमत ऐकून चहा घेतला आणि निघालो. एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्याचा डाग पडायची धास्ती त्यात असते, ती निराळीच.

आमच्या खोक्यावर एचडीआर ४०० (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याचा दर्जा) असंही स्टिकर आहे. त्या दर्जाला कमाल ४०० निट उजेड लागतो. पडद्याचा एखादा भागच अंधारा करायची सोय त्यात सक्तीची नाही. असो, स्टिकर छान चकाकतं.

तर दोष नाही, म्हणून वॉरंटी नाही; आणि विकत घेण्याआधी सांगितलं नाही, म्हणून निवड नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मालाचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानतो. कोर्टकचेरी करायची माझी हौस नाही. आपल्याकडे मागणी एवढीच : दिवाळीच्या पुरवणीत मॉनिटरची जाहिरात घेताना पॅनेलचा प्रकार छापायला लावा, आणि एमएससमोर जीटीजी की एमपीआरटी तेही. दोन शब्दांची जागा लागेल. आणि शहरातल्या दुकानदारांनी पोपट उडवणं थांबवून एका कोपऱ्यातली ट्यूब बंद करावी, तिथे एखादा अंधाऱ्या दृश्यांचा गेम चालू ठेवावा. गिऱ्हाईक दोन मिनिटांत स्वतःच ठरवेल.

आमचा मॉनिटर सध्या हॉलमध्ये आहे. रात्रीचे जुने कृष्णधवल सिनेमे त्यावर फार सुरेख दिसतात, असं सौ.चं म्हणणं आहे. नातू आपल्या जुन्या १९ इंचीवर परत गेला आहे आणि माझ्याशी हिशोबाचं बोलतो.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक,
सिडको, नाशिक