या महिन्यापासून पैसे पाठवू नका

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही ‘बघू’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितोय. या महिन्यापासून मला पैसे पाठवू नका.

मार्केट यार्डात भुसार मालाच्या एका आडत दुकानात हिशेब लिहायचं काम धरलंय. १७,००० मिळतात. नवी पेठेतली कॉट, मेस आणि अभ्यासिका भागवून थोडे उरतील. पहाटेचा अभ्यास चालू आहे. एमपीएससीची परीक्षा अजून एकदा देणार, पण माझ्या पैशांनी.

जून २०१८ मध्ये पुण्याला आलो तेव्हा दोन वर्षांत निकाल लावतो म्हणालो होतो. मग करोना आला. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या पोरांत मीही होतो. पुढे मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक पॅटर्नचा गोंधळ झाला, तो पॅटर्न २०२५ पर्यंत पुढे ढकलला. यातलं काही खोटं नाही. पण दर वेळी हेच सांगून मी तुमच्याकडून आणखी एक वर्ष मागून घेत गेलो. मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोचलो, त्यापुढे नाही.

२०२४ च्या दिवाळीत दादा भरल्या ताटावरून उठला, ते डोळ्यांसमोरून जात नाही. हमीभाव ४,८९२ आणि त्याचं सोयाबीन गेलं चार हजार शंभरनं. त्याच पैशांतून तुम्ही माझे नऊ हजार बाजूला काढलेत. पोरांची शाळेची फी थकली होती. वहिनी एक शब्द बोलली नाही, भांडी घासत बसली. तुम्ही दादाला म्हणालात, ‘तुला शेत दिलंय की.’ बाबा, सातबारा तुमच्या नावावर आहे, राबतो तो. मी तिथंच बसून होतो आणि गप्प राहिलो. त्या दिवशी दादाचं काही चुकलं नव्हतं.

मी वहीत सगळं लिहून ठेवलंय. क्लासची फी धरून ७ लाख ४३ हजार होतात. वाटणीच्या वेळी एवढे माझ्या हिश्श्यातून कापा. नुसतं तोंडी नको, दादासमोर कागदावर लिहा, मी सही करतो.

आई, तुझी बोरमाळ बँकेत आहे, तिचं व्याज आता मी भरणार. पावतीचा फोटो वहिनीला पाठवायला सांग.

आणि हे पत्र दादाला द्या. वाचून दाखवू नका, त्याचं त्याला वाचू द्या.

तुमचा,
धाकटा