शिवसागरावरच्या त्या बापलेकांचे आभार

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, तापोळ्यासमोरच्या छोट्याशा लाकडी घरात आम्ही शनिवार-रविवार निवांत राहायला गेलो होतो. मध्यरात्री आईला दम्याचा जोराचा झटका आला. फोनला रेंज नाही, रस्त्याने वळसा फार लांबचा. दार वाजवताच वाडीतले लाँचवाले दादा शर्ट चढवत निघालेच, सोबत त्यांचा मुलगा. पाण्यावरचं गार वारं आईला लागू नये म्हणून तो पोरगा पलीकडे पोचेपर्यंत ताडपत्री धरून तिच्यापुढे उभा होता. हात भरून आले असतील, पण त्याने ती जराही खाली केली नाही. दादांनी आईला पाठुंगळी घेऊन आरोग्य केंद्र गाठलं, उजाडेपर्यंत थांबले आणि पैसे घेतले ते फक्त डिझेलपुरते. वाफ देणाऱ्या नर्सताईंचेही मनापासून आभार. आई आता बरी आहे. तापोळा-बामणोलीकरांनो, आमचा नमस्कार त्या दोघांपर्यंत नक्की पोचवा.