कुसुमावतींची उरलेली कागदपत्रे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मराठीतल्या गाजलेल्या प्रेमपत्रांवर पानभर लेख आला होता. लेख वाचनीय होता, तक्रार त्याबद्दल नाही. पण कुसुमावती देशपांडे यांच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या, आणि त्याही ‘कवी अनिलांच्या पत्नी’ म्हणून. ‘कुसुमानिल’ या त्या दोघांच्या पत्रसंग्रहाचे नाव घेतले की कुसुमावतींचा विषय संपला, हे मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून पाहत आले आहे. जन्मभर विदर्भातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवले, म्हणून मला ते जरा जास्तच खटकते.

‘कुसुमानिल’ अनिलांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे कुसुमावती गेल्यावर अकरा वर्षांनी. स्वतःच्या तरुणपणीची पत्रे अशी लोकांपुढे ठेवायला धाडस लागते, आणि ते अनिलांनी दाखवले याबद्दल दुमत नाही. पण ही पत्रे कधीची आहेत ते पाहा. १९२२ ते १९२७ या काळातली. कुसुमावती, म्हणजे माहेरची कुसुम जयवंत, तेव्हा सतरा ते बावीस वर्षांची होती. लग्न व्हायचे होते, लंडन पाहायचे होते, प्राध्यापक म्हणून वर्गात उभे राहायला अजून चार वर्षे होती. एकही कथासंग्रह आला नव्हता. ज्या बाईंनी पुढे पाव शतकाहून अधिक काळ शिकवले, लिहिले, व्याख्याने दिली, त्यांना आपण ओळखतो ते हे सगळे सुरू होण्याआधीच्या पत्रांवरून. मला हे फार विचित्र वाटते.

त्यांचा जन्म अमरावतीचा, १० नोव्हेंबर १९०४ चा. शाळा पुण्याची हुजूरपागा, मग फर्ग्युसन, आणि १९२६ मध्ये नागपूर विद्यापीठाची बी.ए. ते विद्यापीठ तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते. एवढ्यावर एखादी थांबली असती. या लंडनला गेल्या आणि वेस्टफील्ड कॉलेजातून इंग्रजी साहित्य घेऊन पुन्हा बी.ए. झाल्या. पदवी हातात असताना सातासमुद्रापार जाऊन तीच पदवी पुन्हा घ्यायची, यातून त्यांना इंग्रजी साहित्य किती मुळापासून शिकायचे होते ते कळते. १९२९ मध्ये परत आल्या, त्याच वर्षी लग्न केले आणि १९३१ पासून नागपूर महाविद्यालयात, म्हणजे जुन्या मॉरिस कॉलेजात, इंग्रजी शिकवू लागल्या.

त्यांच्या कथांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पण ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ आजही उघडून पाहावे. ‘यमुनापर्यटन’पासूनच्या कादंबऱ्या त्या इंग्रजी साहित्यात मुरलेल्या वाचकाच्या नजरेने वाचतात, पण इंग्रजी फूटपट्टी घेऊन मराठी लेखकाची उंची मोजत बसत नाहीत. हा तोल वर्गात शिकवता शिकवता येतो असे माझे मत आहे. चाळीस मुलांपुढे रोज एखादा उतारा उलगडून दाखवावा लागला, की माणूस मोठमोठी विधाने करायला कचरतो.

आणखी एक काम तर अगदीच विस्मरणात गेले. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ कुसुमावतींनी इंग्रजीत नेल्या. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून रमाबाई इंग्रजी शिकल्या, ते सगळे त्या पुस्तकात आहे. हुजूरपागा उभी राहिली त्यामागे न्यायमूर्ती रानडेही होते, आणि त्याच शाळेची मुलगी पुढे इंग्रजीची प्राध्यापक होऊन रमाबाईंच्या त्या आठवणी इंग्रजीत उतरवते. हा अनुवाद छापून आला १९६३ मध्ये, आणि तो पाहायला कुसुमावती राहिल्या नव्हत्या. मालवणच्या मराठी साहित्य संमेलनात अनिल अध्यक्ष झाले १९५८ मध्ये, आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती. १८७८ मध्ये रानड्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या परंपरेला पहिली महिला अध्यक्ष मिळायला ८३ वर्षे लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या दिल्लीत वारल्या. मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास त्यांच्या आणि मं. वि. राजाध्यक्षांच्या नावाने साहित्य अकादमीने काढला तो थेट १९८८ मध्ये. मधल्या वर्षांत कोणत्या मसुद्यावर कोणाचे हात फिरले, हे मूळ कागदांवरूनच सांगता येते. म्हणून म्हणते, कागद हवेत.

ज्या वेस्टफील्डमध्ये त्या शिकल्या, ते कॉलेज १८८२ मध्ये मुलींसाठी सुरू झाले. १९८९ मध्ये ते क्वीन मेरी कॉलेजात विलीन झाले, म्हणजे त्या नावाने आज स्वतंत्र संस्थाही उरलेली नाही. तरीही त्याच्या पहिल्या मुख्याध्यापिका कॉन्स्टन्स मेनार्ड यांच्या रोजनिश्या क्वीन मेरीने सांभाळल्या आणि सगळ्यांना घरबसल्या वाचता येतील अशा ऑनलाइन ठेवल्या. रेडिंगच्या एडिथ मॉर्ली १९०८ मध्ये प्राध्यापक झाल्या. इंग्लंडमध्ये हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिलांपैकी, त्यांचाही विषय इंग्रजीच. त्यांच्या आठवणींचे हस्तलिखित अनेक दशके पडून होते, पण ते जपलेले होते. म्हणूनच २०१६ मध्ये त्याचे पुस्तक होऊ शकले.

आपल्याकडे काय होते ते घरचेच सांगते. माझी मावशी अकोल्याला इंग्रजी शिकवायची. ती गेल्यावर घर विकायला काढले, तेव्हा मावसभावांनी तिच्या वह्या रद्दीत किलोवर घातल्या. एक वही वाचली, कारण कपाट डुगडुगू नये म्हणून ती त्याच्या पायाखाली सरकवलेली होती. हिरव्या शाईत वर्ड्स्वर्थच्या टिपा, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात : ‘तिसऱ्या बाकावरची, फी भरली, घरी कळू नये.’ मावशी आम्हाला कडक आणि चिकट म्हणूनच ठाऊक होती. ही ओळ कोणत्या चरित्रात आली असती?

कुसुमावतींच्या वर्गातले असे कागद गोळा करायचे, तर शोध त्यांच्या घरापासून सुरू करून भागणार नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ज्याला धाडले त्याच्याकडे राहते. वर्गातल्या टिपा विद्यार्थ्याच्या वहीत असतात. १९५० च्या सुमारास त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आज नव्वदी ओलांडलेली असणार, तेव्हा विचारायचे ते मुलानातवंडांना. कॉलेजची वार्षिके, प्रश्नपत्रिका, शिफारसपत्रे, सही करून भेट दिलेली त्यांच्या ‘दीपकळी’ किंवा ‘पासंग’ या पुस्तकाची प्रत, दिल्लीत असताना आकाशवाणीवर महिला आणि मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांच्या संहिता, असे काहीही चालेल. नागपूर विद्यापीठाचा इंग्रजी विभाग आणि विदर्भ साहित्य संघ यांनी मिळून आवाहन करावे, मूळ कागद द्यायचा नसेल त्याच्याकडून नुसता फोटो घ्यावा, आणि कोणाकडून काय आले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

ज्यांच्याकडे असे काही निघेल त्यांना हात जोडून विनंती, की कौतुकाच्या भरात ते लॅमिनेट करू नका. त्यातला कागद पुन्हा कधी मोकळा होत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा पिवळा डाग अक्षरे खातो. कसर लागली असेल तर उन्हात टाकू नका, शाई उडते. मऊ ब्रशने झाडा आणि कोरड्या जागी सपाट ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी लागेल. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. जबलपूर, रायपूर, छिंदवाड्याकडची मुले शिकायला नागपूरला येत आणि पदवी घेऊन आपापल्या गावी परतत. त्यांच्या घरी आज मराठी वर्तमानपत्र येत असेलच असे नाही. तेव्हा हे आवाहन आपण छापाच, पण त्याचा हिंदी मजकूर तयार करून तिकडच्या दैनिकांकडेही धाडावा लागेल. हिंदी मजकूर मी लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका, अमरावती