आजीला वाचून दाखवा

एडिंबरा,
रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

मी खुशाल आहे. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आईला वाटेल. हे पत्र खरं तर आजीसाठी आहे. तिला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि दोन वाक्यं झाली की दादा फोन ओढून घेतो. दुपारी तिचं जेवण झालं की सावकाश वाचून दाखवा.

आधी आईच्या शंका. थंडी आहे, पण घर उबदार असतं आणि तू दिलेलं जाड स्वेटर मी घालते. जेवण वेळेवर होतं. मेतकूट अजून आहे. रात्रपाळ्या पूर्वीइतक्या नाहीत, आणि पाळी संपवून येताना आम्ही दोघीतिघी नर्स बरोबरच बसला असतो. आणि दादाने फोटो दाखवल्यापासून तू जे विचारते आहेस, की सुट्टीच्या दिवशी पोर मसणवट्यात काय करते, त्याचंही सांगते. इथलं कब्रस्तान चर्चच्या आवारात, भर वस्तीत असतं. दुपारी लोक तिथल्या बाकांवर बसून डबा खातात. मी एकटी जात नाही. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना हाताला धरून न्यावं लागतं आणि झिजलेली अक्षरं वाचून दाखवावी लागतात. त्या आपल्या घराण्याचा शोध घेताहेत. आम्ही उजेडी परत येतो. त्यात काळजी करण्यासारखं खरंच काही नाही.

पण तिथे वाचता वाचता जे कळलं, ते आजीला सांगायचंच आहे.

आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं, आणि लग्न झालं की नवऱ्याचं. इथे स्कॉटलंडमध्ये तसं नाही. इथे मधल्या जागी बरेचदा चक्क एक आडनाव असतं, आणि ते बहुतेक वेळा आईच्या, नाही तर आजीच्या माहेरचं असतं. ही पद्धत रुजली मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. त्याआधी मधलं नाव क्वचितच असे. पहिलं नावही मनाला येईल ते ठेवत नसत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. मुलींमध्ये थोरलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. सगळ्यांनी पाळलंच असं नाही, पण इतक्या घरांनी पाळलं की भावंडांची नावं ओळीने मांडली तर आजी-आजोबा कोण असतील याचा अंदाज बांधता येतो. मधेच एखादं नाव गळलेलं दिसलं, तर ते मूल दगावलं असेल का हे शोधायचं. कित्येकदा गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला पुन्हा ठेवलेलं सापडतं. ते वाचताना मला फार वाईट वाटतं.

याच गावात १८५० साली जन्मलेला लेखक स्टीव्हन्सन घ्या. जन्माचं पूर्ण नाव रॉबर्ट लुइस बॅल्फर स्टीव्हन्सन. रॉबर्ट हे वडिलांचे वडील, दीपगृहं बांधणारे. लुइस बॅल्फर हे आईचे वडील, कॉलिंटनच्या चर्चचे पाद्री. एका नावात दोन्ही आजोबा, आणि आईचं माहेरही.

बाबा, तुमच्यासाठी खास एक. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आपल्या साताऱ्याचा ग्रँट डफ! तो मूळचा नुसता जेम्स ग्रँट, इथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या बॅन्फ गावी १७८९ साली जन्मला. डफ हे त्याच्या आईचं माहेर. मायदेशी परतल्यावर आईकडची ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने ते आडनाव आपल्या नावाला जोडलं. आपण शाळेत ज्याला डफ म्हणत आलो, ते त्याच्या आईचं घराणं. आणि मुलाचं नाव त्याने ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मुंबईच्या गव्हर्नरावरून. तो मुलगा पुढे १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

म्हणजे मधलं नाव कायम नात्याचंच असतं असं धरून चालत नाही. साहेबाचं असतं, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं असतं, बाळंतपण केलेल्या डॉक्टरचंही असतं. टेलिफोनवाल्या बेलच्या नावातलं ग्रॅहम तर जन्माचंच नाही. वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांवरून अकराव्या वाढदिवसाला, १८५८ मध्ये, त्याला मिळालेलं. म्हणून नावावरून अंदाज बांधायचा आणि दाखल्यावरून खात्री करायची.

बाईंच्या पणजोबांच्या नावात फोर्ब्स होतं. त्यांच्या आईचं आडनाव वेगळं, त्यामुळे हे कुठून आलं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंना वाटे, कुणी जमीनदार असेल. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला सरकारी दफ्तराची मोठी घुमटाची इमारत आहे, तिथे बसून संगणकावर जुनी पानं पाहता येतात. (त्याचे पैसे बाईच भरतात, बाबा.) इथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्या पहिल्या वर्षी इतकं काही विचारत की कारकून दमले असावेत. पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. पण मृत्यूच्या नोंदीत गेलेल्या माणसाच्या आईचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट, राहिलं. आम्ही पणजोबांच्या वडिलांचा मृत्यू शोधला. आईच्या रकान्यात स्वच्छ तिरप्या अक्षरात फोर्ब्स. पणजोबांना त्यांच्या आजीचं माहेर नावात दिलेलं होतं.

आजी, आता नीट ऐक. त्या पानाच्या कडेला माहिती देणाऱ्याची सही असते. तिथे होती गेलेल्या माणसाची लेक. तिला लिहिता येत नव्हतं. कारकुनाने तिचं नाव लिहिलंय आणि मधे तिने काढलेली फुली आहे, एक रेघ लांब, दुसरी शाईने पसरलेली. सही न येणाऱ्या त्या बाईला आपल्या आजीचं माहेर तोंडपाठ होतं, म्हणून आज ते सापडलं. बाई बराच वेळ त्या फुलीकडे पाहत होत्या, आणि मला तू आठवलीस.

आपल्याकडे वंशावळ सांगणारा हेळवी यायचा तेव्हा मी ओट्यावर बसून ऐकायचे. बापाचा बाप, त्याचा बाप, सगळं धडाधड. पण तुझं माहेर, तुझ्या आईचं माहेर त्याने सांगितल्याचं मला आठवत नाही. इथे थडग्याच्या दगडावरसुद्धा बायकोचं माहेरचं आडनाव कोरतात. दादाच्या बाळाच्या दाखल्यावर नव्या नियमाने वहिनीचं नाव आलं, त्याचा मला फार आनंद झाला; १ मे २०२४ पासून जन्मलेल्या सगळ्यांना ते लागू आहे. तरी वहिनीचं माहेर त्यात नाहीच. म्हणून आई, आजीजवळ बस आणि विचार: तिच्या आईचं माहेरचं नाव काय, आडनाव काय, गाव कोणतं, आजीच्या आजीला काय म्हणायचे. दादाला फोनवर रेकॉर्ड करू दे. मग तुझ्याकडचंही, आई. तुझ्या आजोळाबद्दल मी कधी विचारलंच नाही.

आता बाकीचं. पैसे गुरुवारी पाठवलेत. त्यातून आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी करून घ्या, पुढे ढकलू नका. बाबा, परत पाठवू नका, मला इथे काही कमी पडत नाही. पत्र्यांचं काम पुढच्या महिन्यात बघू.

दिवाळीला येणं जमत नाहीये. सुट्ट्या वाटून झाल्या. आजीला मी येते म्हणाले होते, ते माझ्या लक्षात आहे. फेब्रुवारीत तीन आठवडे येते, तिकीट काढलं की सांगते. फराळाचं पार्सल पाठवू नका, फार खर्च येतो. पाठवलंत तर चकल्या जास्त घाला.

आणि ते पुण्याचं स्थळ. फोटो पाहिला, माहिती वाचली. मी नाही म्हणत नाही. माझा नंबर त्यांना द्या, आधी आम्ही दोघं बोलतो, मग तुम्ही मोठ्यांनी बोला. एक गोष्ट मात्र आधीच त्यांच्या कानावर घाला, बैठकीत ऐन वेळी नको: लग्नानंतर माझं नाव आहे तसंच राहील, बाबांचं नाव आणि आपलं आडनाव धरून. आई, तुला वाटेल इथे राहून हे डोक्यात आलं. इथे येण्याआधीपासून होतं, सांगायचं धाडस नव्हतं. त्यांना चालत नसेल तर त्यांनी सरळ तसं सांगावं, मला राग येणार नाही.

बाबा, गोळ्या चुकवू नका. पैसे जमा झाले की दादाला मेसेज करायला सांगा.

तुमची,
सोनू