वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर उशिरा होणारे जंतुसंसर्ग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियांच्या जाहिराती हल्ली पुण्यात कर्वे रस्त्यापासून हडपसरपर्यंत जागोजागी दिसतात. मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासाने गांजलेल्या अतिस्थूल रुग्णांना या शस्त्रक्रियेने खरोखर दिलासा मिळतो, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझे म्हणणे आहे ते रुग्ण घरी गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोके वर काढणाऱ्या, सहसा कोणाच्या ध्यानात न येणाऱ्या जंतुसंसर्गांविषयी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढून मी निवृत्त झाले आहे, आणि उशिरा लागलेले निदान रुग्णाला किती महागात पडते याची मला कल्पना आहे.

‘स्लीव्ह’ या सर्रास केल्या जाणाऱ्या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. स्टेपलच्या या लांब रेषेला, बहुधा अन्ननलिका जठराला मिळते त्या वरच्या टोकापाशी, काही थोड्या रुग्णांत गळती होते. पोटाची भिंत जाड असल्यामुळे अशा रुग्णाचे पोट नेहमीसारखे कडक लागत नाही. ताप आणि कारणाशिवाय वाढलेली नाडी एवढीच खूण आधी दिसते. गळालेला द्रव डाव्या बाजूला श्वासपटलाखाली साचून तेथे पू होतो, क्वचित प्लीहेत गळू होते, आणि त्याहूनही क्वचित श्वासपटल भेदून जठर व श्वासनलिकेची शाखा यांच्यात मार्ग तयार होतो. मग रुग्णाला पाणी प्यायल्यावर ठसका लागतो, डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, आणि शस्त्रक्रियेला काही महिने, प्रसंगी काही वर्षेही, उलटून गेलेली असल्याने दोहोंचा संबंध कोणी लावत नाही. अशा पुवात जिवाणूंबरोबर कँडिडा ही बुरशीही सापडते, आणि कितीही अँटिबायोटिके बदलली तरी बुरशीवर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

दुसरा संसर्ग याहून सौम्य, पण चिवट आहे, आणि आमच्या कामाशी त्याचा थेट संबंध येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची छिद्रे व्यवस्थित भरून येतात, टाके निघतात, आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांपैकी एका जागी गाठ येऊन पातळ पू वाहू लागतो. फॅमिली डॉक्टर पाच दिवसांचे औषध देतात, जखम सुकल्यासारखी वाटते आणि पुन्हा फुटते. यामागे अनेकदा क्षयाच्या जंतूचे दूरचे भाऊबंद असतात; ते पाण्यात व मातीत सर्वत्र राहतात. दुर्बिणीच्या हत्यारांना सांधे आणि आवरणे असतात, त्यांत रक्तमांसाचे कण अडकतात. अशी हत्यारे ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात वीसेक मिनिटे बुडवून मग साध्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्याने धुतली, तर हे जंतू त्या पाण्यावाटे जखमेत पोहोचू शकतात. हा धोका दुर्बिणीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत आहे, केवळ वजनाच्या नव्हे. परंतु चरबीचा जाड थर आणि मधुमेह असलेल्या रुग्णात जखम आधीच सावकाश भरते, हे विसरता कामा नये.

आता असा पू प्रयोगशाळेत आला की काय होते ते सांगते. कापसाच्या बोळ्यावर, अर्धवट वाळलेला नमुना येतो आणि सोबतच्या कागदावर ‘पस, कल्चर’, म्हणजे पुवातील जंतू वाढवून पाहा, एवढेच लिहिलेले असते. नेहमीच्या पद्धतीने दोन दिवस वाट पाहून ‘वाढ नाही’ असा अहवाल जातो व जंतू वाढविण्याची ती बशी, म्हणजे प्लेट, टाकून दिली जाते. तीच प्लेट आठवडाभर ठेवली, तर पुढच्या दिवसांत तिच्यावर बारीक रव्यासारख्या मळकट पांढऱ्या वसाहती दिसू शकतात. काही वेळा विशेष रंग देऊन केलेल्या तपासणीत क्षयासारखे जंतू दिसतात आणि रुग्णाला क्षयाची नेहमीची चार औषधे सुरू होतात. या जंतूंवर ती बहुधा चालत नाहीत. जीनएक्स्पर्ट तपासणी क्षयाचा जंतू शोधते, त्याच्या या भाऊबंदांना नाही, म्हणून तो अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे, तीही कल्चरवरून निवडून, कित्येक महिने द्यावी लागतात, आणि कधी तो भाग कापून काढावा लागतो.

खऱ्या क्षयाचीही गोष्ट येथे आलीच. आपल्याकडे वजन झपाट्याने उतरणे हे क्षयाचे ठळक लक्षण मानले जाते, पण या रुग्णाचे वजन उतरलेले पाहून घरचे सगळे आनंदात असतात. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, मानेतील गाठ यांकडे दुर्लक्ष होते ते त्यामुळेच. शिवाय वजन घटविण्याच्या ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात अन्नाची वाट जठराचा बराचसा भाग व आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून वळवतात; तो झालेल्या रुग्णात तोंडाने घेतलेल्या काही औषधांचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून कोणती शस्त्रक्रिया झाली हे उपचार करणाऱ्याला ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

यासाठी माझी मागणी साधी आहे. अनेक रुग्ण बारामती, सातारा, अहिल्यानगरहून पुण्यात येतात आणि शस्त्रक्रियेनंतर आपल्या गावच्या डॉक्टरांकडेच जातात. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर आहाराचा तक्ता छापलेला असतो, परंतु वर लिहिलेल्या लक्षणांविषयी सोप्या मराठीत मजकूर असायला हवा, आणि त्याखाली रात्री-अपरात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक हवा. खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. नूतनीकरणाच्या वेळी दुर्बिणीची हत्यारे कशी निर्जंतुक केली जातात आणि ती कोणत्या पाण्याने धुतली जातात, हे त्याने प्रत्यक्ष पाहावे. शस्त्रक्रियेचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. रुग्णांनी ते मागून घ्यावेत व जपून ठेवावेत. आणि जखमेचा पू तपासायला पाठविणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, बोळ्याऐवजी सिरिंजमध्ये ओढलेला पू किंवा मांसाचा तुकडा पाठवावा आणि कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख लिहून ‘आठवडाभर ठेवा’ असे स्पष्ट कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
कोथरूड, पुणे