झिरझिरीत कापडाच्या कडेला वेळ द्यावा

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की लगीनसराईची चाहूल लागते आणि कोल्हापुरात महाद्वार रोड, राजारामपुरी, गांधीनगर इथून शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गन्झा अशी झिरझिरीत कापडे घेऊन मुली आणि त्यांच्या आया शिंप्यांच्या दारात येऊ लागतात. मी मंगळवार पेठेत गेली २६ वर्षे शिवणकाम करते आणि घरीच मुलींना शिवण शिकवते. लग्नाच्या दिवसांत माझ्याकडे नव्या शिवणाइतकेच दुरुस्तीचे कपडेही येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, ती म्हणजे खालची कड. कापड, रंग, नक्षी यांवर मनापासून खर्च केलेला असतो, पण घेराची किंवा ओढणीची कड घाईने पिको, म्हणजे मशीनचा दाट नागमोडी टाका, मारून उरकलेली असते, आणि दोन-तीन वापरांतच ती लहरते, चुण्या धरते किंवा तिच्या दशा सुटू लागतात. सुती परकराची दुमड आतल्या बाजूला लपून जाते. झिरझिरीत कापडाला अशी आतली बाजूच नसते. दुमड, टीप, दोऱ्याची गाठ, सारे समोरून दिसते. म्हणून या कापडांच्या कडेसाठी शिंप्याने वेगळा दर सांगावा आणि ग्राहकाने वेगळा वेळ द्यावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे कापड हातातून का निसटते, ते आधी समजून घेतले पाहिजे. जॉर्जेट आणि शिफॉन यांच्या धाग्याला विणण्यापूर्वीच भरपूर पीळ दिलेला असतो, आणि उजव्या व डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून लावलेले असतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे हे धागे विणून झाल्यावरही आखडण्याचा आणि वळण्याचा प्रयत्न सोडत नाहीत. त्यामुळेच कापडाला ती बारीक खरखर आणि सुंदर पडण येते, आणि त्यामुळेच ते टेबलावर सरळ राहत नाही. एका कोपऱ्याला हात लावला तर दुसरा कोपरा तिरका होतो. साटीनची अडचण निराळी आहे. त्याचे लांब मोकळे धागे पृष्ठभागावर पसरलेले असल्यामुळे ते घसरते. ऑर्गन्झा मात्र ताठ असतो, दुमड चांगली धरतो, फक्त त्याच्या कडेचे धागे फार लवकर निसटतात.

आपल्या जिल्ह्याचा हात सुतावर तयार झालेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीची पायाभरणी केली, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी पुढे कित्येक पिढ्यांना सुती कापड पुरवले. आमच्या पिढीतल्या शिवणाऱ्या बायका पॉपलीन, केंब्रिक आणि मांजरपाटावरच शिकल्या. सुती कापड नखाने दाबले तरी घडी धरते, चुकले तर उसवून पुन्हा शिवता येते. सुरतेहून येणारे पॉलिएस्टर जॉर्जेट यातले काहीच करू देत नाही. तेच कात्रीचे वळण, तोच १६ नंबरच्या सुईचा आणि जाड दोऱ्याचा सराव या कापडावर वापरला जातो, आणि दोष मात्र कापडाला दिला जातो.

कामाची सुरुवात बेतण्यापासूनच बिघडते. झिरझिरीत कापड नुसते टेबलावर पसरून कापू नये. खाली साधा कागद घालून त्यावर कापड टाचावे, वर दुसरा कागद ठेवावा आणि कागदासह कापावे, म्हणजे कात्रीखाली कापड पळत नाही. यासाठी वर्तमानपत्राचा कागद मात्र कृपया कोणी वापरू नये, कारण छपाईची शाई फिकट शिफॉनला लागते आणि ती सहजासहजी निघत नाही. टाचण्या नव्या, बारीक आणि फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये लावाव्यात. सरळ रेषा हवी असेल तर आडवा एक धागा हलक्या हाताने ओढून काढावा. तो गेल्यावर कापडात जी रेष दिसते, तीच खरी सरळ रेष असते. कापड फाडून सरळ करण्याची सुती सवय इथे चालत नाही, कारण फाडलेल्या कडेचे धागे आतवर ओढले जातात.

फारच घसरणारे कापड असेल तर मी साबुदाण्याची पातळ खळ वापरते. आपल्या घरांतून सुती साड्यांना खळ देण्याची रीत होती, तीच इथे उपयोगी पडते. साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून, मलमलीतून दोनदा गाळून, कडेच्या चार-पाच इंचांना लावायची आणि सावलीत सपाट वाळू द्यायची. कापड कागदासारखे वागू लागते, दुमड धरते, आणि शिवून झाल्यावर पाण्याने खळ निघून जाते. रेशमी शिफॉनवर पाण्याचे डाग पडू शकतात, म्हणून आधी कातरणातल्या तुकड्यावर पाहावे आणि डाग दिसला तर खळ टाळावी.

सुई हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. १६ नंबरची सुई १ मिलिमीटर जाडीची असते, तर ९ नंबरची ०.६५ मिलिमीटर. शिफॉनला ९ नंबरच हवी, जॉर्जेटला फार तर ११, आणि तीही नवी. बोथट सुई धागा भेदत नाही, ती तो ओढत नेते, आणि कापडावर आडवी रेघ उमटते जी पुढे कशानेही जात नाही. दोरा बारीक, टाका दीड ते दोन मिलिमीटरचा आणि ताण सैल ठेवावा. ताठ ओढलेला कृत्रिम दोरा शिवताना लांबतो आणि नंतर आखडतो, आणि कडेवरच्या चुण्यांचे ते एक मोठे कारण असते. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवली नाहीत तर मशीन कापड खाली ओढते. झिगझॅगच्या नव्या मशीनमध्ये सुईखालच्या पत्र्याचे भोक रुंद असते, म्हणून तिथे हे हमखास होते. घरात जुने काळे पायमशीन असेल तर ते विकू नये. त्याचे भोक लहान आणि गोल असते आणि झिरझिरीत कापडावर त्याच्यासारखी सरळ टीप नव्या मशीनवर मला अजून मिळालेली नाही. तरीही कापड ओढले जात असेल तर खाली पतंगी कागदाची पट्टी घालून शिवावे आणि नंतर कागद अलगद फाडून काढावा. पतंगी कागद पांढराच घ्यावा, कारण रंगीत कागदाचा रंग सुटतो.

आता मुख्य काम. घेराची किंवा ओढणीची कड मी तीन टिपांत करते. पहिली टीप कच्च्या कडेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच आत मारायची. त्या टिपेवरच कापड उलट्या बाजूला वळवायचे, टीप घडीच्या किंचित आत राहील असे दाबायचे आणि घडीला अगदी चिकटून दुसरी टीप मारायची. मग लहान, धारदार कात्रीने टिपेबाहेरचे उरलेले कापड जितके जवळून कापता येईल तितके कापायचे. सगळ्या कामातला धोका याच क्षणी असतो. कात्रीचे टोक चुकले तर पुढच्या कापडाला भोक पडते, म्हणून दिवसाच्या उजेडात आणि घाई नसतानाच हे करावे. नंतर पुन्हा एकदा वळवून तिसरी टीप आधीच्या टिपेवरच मारायची. तयार दुमड जेमतेम एक सूत भरते, कच्ची कड आत बंद होते आणि सुलट्या बाजूला एकच रेष दिसते. इस्त्री करताना ती फिरवू नये. टेकवावी, उचलावी, पुढे टेकवावी. पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते आणि कडेवर चकाकी येते, म्हणून मध्ये मलमलीचे फडके हवेच.

दुमड इतकी बारीक का ठेवायची, असे विद्यार्थिनी विचारतात. त्याचे उत्तर गणितात आहे. पूर्ण गोल घेराची कड अर्धा इंच वर वळवली तर वळलेली कड तिच्या नव्या जागेपेक्षा सहा इंचांहून जास्त लांब पडते, मग घेर कितीही मोठा असो. हे जास्तीचे कापड कुठेतरी चुण्या होऊनच बसणार. एक सूत वळवले तर हाच फरक दीड इंचाच्या आसपास येतो आणि तो सगळ्या घेरात विरून जातो.

गोल घेराबाबत आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. अंब्रेला घेराचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो, आणि उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. शिवून लगेच कड दुमडली तर आठवड्याभरात घेराला झोळ येतो, एका बाजूने कपडा लांब दिसतो. घेर कमरपट्टीसह निदान एक रात्र, शक्य तर पूर्ण चोवीस तास टांगून ठेवावा, मग घालणाऱ्या व्यक्तीला उभे करून जमिनीपासून उंची मोजून कड कापावी. आज कापड आणले आणि उद्या हळदीला घालायचे आहे, असे म्हटल्यावर शिंप्याने ही रात्र कुठून आणावी?

हाताने केलेली गोल तुरपाई हे या कामातले सर्वांत देखणे रूप आहे. कड बोटांत किंचित वळवायची, सुईने घडीखालच्या कापडाचा एकच धागा उचलायचा, मग सुई वळीतून काढायची, आणि असे सात-आठ टाके सैल घेतल्यावर दोरा हळूच ओढायचा. कड आपोआप गोल वळते आणि टाके आत जातात. ४४ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, ओढणीला लांब बाजूंना विणीची किनार असते, म्हणून पदराच्या दोन कडाच करायच्या असतात. तेवढ्यालाही मला दोन ते अडीच तास लागतात, आणि माझा हात सरावाचा आहे.

पिकोला माझा विरोध नाही. रोजच्या वापराच्या ओढणीला, नेटला, मुलांच्या कार्यक्रमाच्या पोशाखांना तो पुरेसा आहे. पण शिफॉनच्या उरेब कडेवर दाट पिको मारताना कड ताणली जाते आणि ती कायमची लहरते. ही गोष्ट काम घेतानाच ग्राहकाला सांगायला हवी.

साडीच्या फॉलबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या आणि कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी यांनी शिफॉनची साडी प्रतिष्ठेची केली असे मानले जाते. त्या साडीचे सारे सौंदर्य तिच्या हलकेपणात आहे. माझ्या बहिणीच्या मुलीने लग्नातली शिफॉनची साडी एका दुकानात फॉल-पिकोला दिली होती. फॉल सुती होता, न भिजवता लावलेला होता आणि मशीनने शिवलेला होता. पहिल्याच धुण्यात फॉल आटला, शिफॉन आटले नाही, आणि साडीचा खालचा अडीच मीटरचा काठ गोळा झाला. मी तो फॉल बसून उसवला, पण सुईची भोके तशीच राहिली, आणि ती साडी तिने नंतर नेसली नाही. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावावा, तो शक्य तितका पातळ निवडावा आणि हाताच्या सैल टाक्यांनी लावावा, एवढे त्या दुकानात कोणी केले असते तर पुरले असते. त्या मुलीचा चेहरा मला आजही आठवतो, आणि दरवर्षी नव्या वर्गाला मी पहिल्याच आठवड्यात फॉल भिजवायला लावते.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, आणि शहरात घरोघरी चालणारे खासगी वर्गही पुष्कळ आहेत. या सर्वांना माझे सांगणे आहे की सरावासाठी मुलींच्या हातात केवळ मांजरपाट देऊ नये. निदान एक मीटर जॉर्जेट आणि अर्धा मीटर शिफॉन प्रत्येकीने खराब करून पाहिले पाहिजे. पहिल्या पाच कडा वाकड्या येतातच. त्या ग्राहकाच्या कपड्यावर येण्यापेक्षा वर्गात आलेल्या बऱ्या.

ग्राहक भगिनींनी कापड देताना त्याच कापडाच्या कातरणावर चार इंच कड शिवून दाखवायला सांगावे. नमुना पटला तर दर ठरवावा, आणि तो तुकडा कपडा हाती येईपर्यंत जपून ठेवावा. शिंपी बंधू-भगिनींनीही असा नमुना मागणाऱ्या ग्राहकावर रागावू नये. आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पानावर नव्या फॅशनची छायाचित्रे येतात, ती आम्ही आवडीने पाहतो. त्याच पानावर लगीनसराईच्या आधी कधीतरी या कडेच्या कामाची सचित्र माहिती छापली तर मी माझे नमुन्याचे तुकडे घेऊन आनंदाने कार्यालयात येईन.

आपली विश्वासू,
एक शिवणशिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर